शून्य रुपयांचे बिल

आमच्या दूध संस्थेत उत्पादकांचे बिल दर दहा दिवसांनी निघते. गेल्या वर्षी एका महिन्याच्या 21 तारखेला सकाळी मी नुकतेच छापून दिलेले बिल एका आजोबांनी काउंटरवर परत ठेवले आणि हलक्या आवाजात विचारले, "ताई, हे शून्य कशाचं?" बिलावर त्यांचे नाव, सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन घटक) सारे अचूक होते, दराच्या आणि रकमेच्या रकान्यांत मात्र वरपासून खालपर्यंत 0.00 छापलेले होते. गठ्ठ्यातली पुढची बिले उलटून पाहिली, तर सगळ्यांची तीच गत.

तो प्रोग्राम मी स्वतः लिहिलेला होता. दिवसा संस्थेचे लिखापढीचे काम आणि रात्री पीएचपी या वेब प्रोग्रामिंगच्या भाषेचा अभ्यास, असे माझे चार महिने चालले होते. कार्यालयातल्या विंडोज संगणकावर झॅम्प, म्हणजे पीएचपी चालवणारा सॉफ्टवेअरचा संच, बसवून मी तीन ठिकाणी फाइली मांडल्या होत्या: मूळ फोल्डरमध्ये इंडेक्स, म्हणजे पहिल्या पानाची फाइल, 'रिपोर्ट्स'मध्ये बिलाची फाइल आणि 'इन्क्लूड्स'मध्ये डेटाबेसची जोडणी, पानाचा हेडर व दरपत्रक. बिलाच्या फाइलने दरपत्रक 'इन्क्लूड'ने, म्हणजे दुसरी फाइल आत ओढून घेणाऱ्या आज्ञेने, मागवले होते आणि मार्ग दिला होता तो असा, की दोन टिंबे म्हणजे एक पायरी वर जायचे आणि तिथून 'इन्क्लूड्स'मध्ये शिरायचे. बिलाचे पान थेट उघडले की हे बिनचूक चालत असे. 20 तारखेच्या रात्री मी एकच बदल केला. इंडेक्समध्ये मेनू तयार करून बिलाची फाइल तिथूनच मागवली, आणि डेटाबेसची जोडणी आता इंडेक्सच करत असल्यामुळे बिलाच्या फाइलमधली ती ओळ काढून टाकली. पडद्यावर नावे आणि लिटर दिसले, तेवढ्यावर समाधान मानून मी रकमेच्या रकान्यापर्यंत न जाता संगणक बंद केला.

सचिव अण्णांनी वाटप थांबवले आणि जमलेल्या मंडळींना संध्याकाळी यायला सांगितले. मला ते काहीही बोलले नाहीत, आणि त्यामुळेच छातीवरचे ओझे अधिक वाढले.

मला संभ्रमात टाकणारी गोष्ट ही होती, की पडद्यावर चूक दाखवणारा एकही संदेश नव्हता. शिकवणाऱ्या सरांना फोन लावला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, इशारे कुठे बंद करून ठेवले आहेत का?" ठेवले होते. बारीकसारीक सूचना बिलाच्या डोक्यावर छापल्या जात, म्हणून जोडणीच्या फाइलमध्ये एरर रिपोर्टिंग शून्य करणारी ओळ मी कुठून तरी उचलून घातली होती. तिच्यामुळे इशारे पडद्यावर येत नव्हते आणि लॉगमध्येही, म्हणजे चुकांच्या नोंदवहीतही, नोंदले जात नव्हते. ती ओळ काढताच सर्वांत वर दोन इशारे उभे राहिले. पहिला सांगत होता, की फाइल किंवा फोल्डर सापडत नाही. दुसऱ्यात माझा मार्ग जसाच्या तसा होता आणि पुढे कंसात इन्क्लूड पाथ, म्हणजे पीएचपी जिथे फाइली शोधते त्या फोल्डरांची यादी, म्हणून सी ड्राइव्हवरच्या झॅम्पमधल्या 'पेअर' या फोल्डरचा पत्ता होता. आपली फाइल त्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची असावी असे मला वाटले. तिथे अर्धा तास गेला. मार्गाची सुरुवात टिंबांनी झाली, की पीएचपी त्या यादीकडे पाहतच नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

सरांनी बिलाच्या फाइलमध्ये दोन ओळी छापायला सांगितल्या: एक 'गेट सीडब्ल्यूडी'ची, म्हणजे काम सध्या कोणत्या फोल्डरमध्ये उभे राहून चालले आहे त्याची, आणि दुसरी 'डिर' या स्थिरांकाची, ज्याच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर असतात आणि जो ती ओळ ज्या फाइलमध्ये लिहिली आहे तिचे फोल्डर सांगतो. पहिली ओळ मूळ फोल्डरवर संपत होती, दुसरी 'रिपोर्ट्स'वर. त्या दोन ओळी एकाखाली एक पाहिल्या आणि चार महिने डोक्यात अर्धवट राहिलेली गोष्ट लख्ख झाली. दोन टिंबांचे माप फाइल कुठे लिहिली आहे तिथून सुरू होत नाही. ब्राउझरने ज्या फाइलचे नाव घेतले तिच्या फोल्डरपासून ते सुरू होते. काल ती फाइल बिलाची होती, आज इंडेक्स होती, म्हणून एक पायरी वर जाताना प्रोग्राम प्रकल्पाच्या बाहेरच पडत होता. हेडरची फाइल मात्र शेजारची फाइल नुसत्या नावाने मागवत होती आणि ती मिळत होती, कारण टिंबे नसलेले नाव यादीत सापडले नाही, तर पीएचपी मागवणाऱ्या फाइलच्या फोल्डरमध्येही शोधते. एक सापडते आणि दुसरी सापडत नाही, यामुळेच मी सकाळपासून चकत होते.

शून्याचा उलगडा त्यातूनच झाला. 'इन्क्लूड'ला फाइल मिळाली नाही, तर ते इशारा देऊन पुढे जाते. दराचे चल, म्हणजे दर साठवणारे नाव, जन्मालाच आले नव्हते आणि गुणाकारात ते शून्य धरले गेले. तिथे फाइल मागवणारी दुसरी आज्ञा 'रिक्वायर' असते, तर प्रोग्राम जागीच थांबला असता. शेतकऱ्याच्या पैशाशी संबंध असलेल्या फाइलला 'इन्क्लूड' लावणे मला आता चुकीचेच वाटते.

मी 'रिक्वायर' घातले आणि मार्ग 'डिर'पासून सुरू केला. 2009 मध्ये आलेल्या 5.3 आवृत्तीपासून हा स्थिरांक उपलब्ध आहे. तरीही चूक आली. संदेशातला मार्ग अक्षर-अक्षर वाचला, तेव्हा 'रिपोर्ट्स' या शब्दाला दोन टिंबे चिकटलेली दिसली: 'डिर'च्या शेवटी तिरपी रेघ नसते, ती आपण द्यायची असते. ती दिली आणि बिलावर दर आले.

पुढच्या आठवड्यात हाच प्रोग्राम भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर नेला, तेव्हा तो दरपत्रकापाशीच थांबला. फाइलच्या नावातले पहिले अक्षर कॅपिटल होते आणि माझ्या ओळीत ते लहान होते. विंडोजने हा फरक कधी मानला नव्हता. या वेळी पाच मिनिटे लागली.

त्या 21 तारखेला मात्र दुपारचे तीन वाजले. नवे गठ्ठे छापण्याआधी मी आजोबांचे बिल काढले, अण्णांनी दरपत्रक समोर धरले आणि मी वीसही वेळांची रक्कम कॅल्क्युलेटरवर मांडली. बेरीज पैशापर्यंत जुळली. संध्याकाळच्या संकलनाला आजोबा कॅन घेऊन आले, तेव्हा ते बिल मी सर्वांत वर काढून ठेवले होते.