किनारा नसलेला समुद्र

आज नववीच्या तासाला जगाचा नकाशा फळ्यावर लावला आणि सारगॅसो समुद्र दाखवला. याला किनाराच नाही! उत्तर अटलांटिकमधले चार प्रवाह हीच त्याची वेस. वर तरंगणारं सोनेरी शेवाळ, त्याच्या आडोशाने वाढणारी कासवाची पिल्लं. युरोप-अमेरिकेच्या नद्यांतले ईल मासे हजारो किलोमीटर पोहत अंडी घालायला इथेच येतात, आणि ती अंडी समुद्रात अजून कुणालाही सापडलेली नाहीत. हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला.

मागच्या बाकावरच्या, नाखव्याच्या घरातल्या मुलीने विचारलं, "बाई, मग हा समुद्र कुणाचा?"

बराचसा कुणाचाच नाही. म्हणून तर देशोदेशीचे शास्त्रज्ञ एकत्र बसतात. जीवसृष्टी जपण्यासाठीच्या जागतिक जैवविविधता करारातल्या देशांनी २००८ मध्ये जर्मनीतल्या बॉनला महत्त्वाची सागरी क्षेत्रं ओळखायचे ७ निकष ठरवले: दुर्मिळता, पिल्लांच्या वाढीची जागा, नाजूकपणा वगैरे. त्यांवर पारखून आजवर ३०० हून अधिक सागरी क्षेत्रं नोंदली गेली, सारगॅसो त्यातलंच. पण नोंद म्हणजे संरक्षण नव्हे. तिथली मासेमारी, जहाजं त्याने थांबत नाहीत. हे मला फार खटकतं, आणि मुलांनाही मी तसंच सांगितलं.

घंटा झाली तरी ती नकाशापाशीच उभी होती, हर्णैपासून पश्चिमेकडे बोट फिरवत.