थिबा पॅलेस पाहायला गेलात तर समाधीपर्यंत जा

रत्नागिरीत रिक्षात बसून नुसतं "थिबा" म्हणालात तर तीन ठिकाणी पोहोचू शकता : पॅलेस, पॉइंट नाहीतर समाधी. आम्हाला पॉइंटवर उतरवलं. ऊन चढलेलं, आईचे गुडघे धरलेले. तेव्हा आधीच सांगते, "थिबा पॅलेस, म्युझियम" असं पूर्ण सांगा. आणि सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर निवांत बघता येतं. आम्ही निघता निघता शाळेची सहल आली आणि जिन्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

नावात पॅलेस असला तरी हा राजाने बांधलेला राजवाडा नाही. इंग्रजांनी आपल्या कैद्यासाठी बांधलेलं ते घर आहे. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रज फौजा राजधानी मंडालेत शिरल्या आणि ब्रह्मदेशाचा (आजच्या म्यानमारचा) शेवटचा राजा थिबा याला राण्यांसह बोटीवर चढवलं. आधी मद्रास, मग 1886 साली रत्नागिरी. इथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटीही बंद. अशा गावातून राजा पळणार कुठे? पहिली चोवीस वर्षं त्याने बंगल्यांतच काढली. हे घर तयार होऊन तो राहायला आला 1910 साली, आणि 1916 च्या डिसेंबरात वारला. म्हणजे ज्या वास्तूला आपण त्याचं नाव दिलं, तिथे तो जेमतेम सहा वर्षं राहिला.

वास्तू जांभ्या दगडाची आहे, तीन मजली, उतरत्या छपरांची. खालच्या दालनांत मूर्ती आणि जुन्या वस्तू आहेत, त्या बघाच, पण वेळ राखून ठेवा तो खिडक्यांसाठी. वरच्या अर्धगोलात कोरीव लाकडी जाळी आणि रंगीत काचा. आई एका खिडकीखाली टेकली तेव्हा तिच्या पांढऱ्या लुगड्यावर लाल-हिरव्या कवडशांची नक्षी पडली होती. सूर्य सरकला तशी ती नक्षीही हळूहळू सरकत पदरावर गेली. वरच्या दालनातली संगमरवरी फरशी तळपायाला गार लागते. मागच्या बाजूला राजाने सोबत आणलेली बुद्धाची मूर्ती आहे, पुष्कळजण तिथवर न जाताच परततात. तसं करू नका. फोटो काढायचे असतील तर तिकीट घेतानाच विचारून घ्या. जिने चढायचे आहेत, वडीलधारी माणसं बरोबर असतील तर घाई नको.

वरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. समोर एवढा समुद्र, पण त्यावरून घरी जायची मुभा नाही. तिथे उभं राहिल्यावर मला एकदम टिळक आठवले. टिळकांचं जन्मघर याच गावात, टिळक आळीत. 1908 साली सरकारने त्यांना शिक्षा देऊन धाडलं ते मंडालेला. 1910-11 च्या हिवाळ्यात थिबा या नव्या घरात सामान लावत होता, तेव्हा रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहीत होता. मंडालेचा राजा आमच्याकडे, आमचे टिळक त्याच्या गावात. शाळेत दोन्ही गोष्टी शिकले होते, पण वेगवेगळ्या धड्यांत. म्हणून माझा आग्रह आहे, पॅलेस आणि टिळकांचं घर एकाच दिवशी बघा. टिळक आळीतलं घर लहान आहे, अर्धा-पाऊण तास पुरतो.

आणि समाधी चुकवू नका. ती शिवाजीनगर भागात, वस्तीत आहे. पाटी शोधत बसण्यापेक्षा कुणालाही "थिबा राजाची समाधी" विचारा, सांगतात. राजाचं शव ब्रह्मदेशी न्यावं अशी घरच्यांची इच्छा होती, सरकारने परवानगी दिली नाही. दोन वर्षांहून जास्त काळ वाट पाहून शेवटी 1919 साली इथेच दफन झालं. धाकटी राणी 1912 मध्येच गेली होती, ती त्याच्याशेजारी आहे. थोरली राणी सुपयालत नवऱ्याला इथे ठेवून मायदेशी परतली. 2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले.

थोरल्या राजकन्येची गोष्ट आम्हाला समाधीपाशी एका आजोबांनी सांगितली. तिला राजाच्या दरवानापासून मुलगी झाली, टूटू. राजकन्या ब्रह्मदेशातून परत रत्नागिरीला आली आणि 1947 मध्ये इथेच गेली. टूटू याच गावात वाढली, मराठी बोलायची, कष्ट करून जगली. आजोबा म्हणाले, "आमचीच होती ती."

जायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मेमध्ये आंबे मिळतील, पण दुपार अंगावर येते. स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षाचं भाडं आधी ठरवा. क्रम असा धरा : सकाळी पॅलेस, मग टिळकांचं घर, जेवण, दुपार कलल्यावर समाधी, आणि सूर्यास्ताला पॉइंट. समाधीसाठी फुलं घ्यायची असतील तर गावातूनच घेऊन जा. आम्ही रिकाम्या हाताने गेलो. शेवटी आईने केसांतला अबोलीचा गजरा काढून धाकट्या राणीपाशी ठेवला.