एक एप्रिल, सकाळी पावणेनऊ

लोकप्रिय गाण्यांच्या दिनविशेषाचं सदर दिसायला फार सोपं. साल, नाव, एक ओळ. चहा निवायच्या आत वाचून होतं. लिहायला बसलं की मात्र पहिल्याच ओळीला अडतं. गाण्याची तारीख कुठली धरायची? ध्वनिमुद्रण झालं ती, तबकडी बाजारात आली ती, की चित्रपट लागला ती? अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या जुन्या तबकडीच्या लेबलावर बहुधा तारीखच नसते. लेबलालगतच्या कोऱ्या पट्टीत मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा कंपनीतला क्रमांक, कोरलेला असतो, तो घेऊन कंपनीच्या नोंदवहीत शोधायचं. वही हाती नसली की लोक चित्रपट लागल्याची तारीख गाण्याला चिकटवतात, आणि गाणं काही महिन्यांनी धाकटं होतं.

रेडिओचं त्या मानाने बरं. वाजलं तो क्षण एकच. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, सकाळी पावणेनऊ: पुणे आकाशवाणीवर गीतरामायणातलं पहिलं गीत, ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’, राग भूप, आवाज सुधीर फडक्यांचा. केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेलं, म्हणजे जेमतेम दीड वर्षाचं. बेत होता रामनवमी ते रामनवमी, दर आठवड्याला एक गीत, म्हणजे बावन्न. पण शके १८७७ मध्ये अधिक भाद्रपद आला, वर्ष तेरा महिन्यांचं झालं आणि गदिमांना चार गाणी जास्तीची लिहावी लागली. छप्पन्न या आकड्यामागे काव्याइतकंच पंचांग आहे. अधिक मासाचे आभार मानण्याचे प्रसंग एरवी जावयांवरच येतात.

दर आठवड्याला एक, म्हणून क्रमांकावरून तारीख काढता येईल असं वाटतं: क्रमांकातून एक वजा करा, साताने गुणा, तितके दिवस १ एप्रिलमध्ये मिळवा. या हिशोबाने छप्पन्नावं गीत येतं २० एप्रिल १९५६, शुक्रवारी. नोंद मात्र १९ एप्रिलची आहे, आणि तो गुरुवार. कारण त्या वर्षीची रामनवमी गुरुवारी होती. सूत्रावर विसंबून तक्ता केला तर शेवटच्याच ओळीत फसगत.

मग गीतरामायणाचा वाढदिवस कधी, १ एप्रिलला की रामनवमीला? शिवजयंतीच्या तारीख-तिथीच्या वादात मुरलेल्या पुण्याला हा प्रश्न नवा नाही.

त्याच तारखेचं दुसरं टोक लॉस एंजेलिसमध्ये आहे. १ एप्रिल १९८४, रविवार. मार्विन गे या गायकावर वडिलांनीच घरात गोळी झाडली. पिस्तूल मार्विननेच वडिलांना दिलेलं. बातमी ऐकून कित्येकांना ते एप्रिल फूल वाटलं. मृत्यू दुपारी एकच्या सुमारास झाला. तेव्हा पुण्यात रात्रीचे अडीच वाजले होते आणि तारीख लागली होती २ एप्रिल, म्हणजे त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. स्थानिक तारीखच लिहायची हा रिवाज पाळला, तर इथल्या दिनविशेषात नोंद १ तारखेलाच पडते. ती तशीच पडावी. पण घड्याळ कुठलं, हे मनाशी पक्कं असावं.

रॅगटाइम या अमेरिकन पियानोशैलीचा संगीतकार स्कॉट जॉप्लिनही याच तारखेला गेला, १९१७ साली, न्यूयॉर्कला. त्याच्या रॅगटाइमचा आपल्या रागाशी काडीचा संबंध नाही, तरी जोडणारे जोडतात.

संगीतकार रॅखमॅनिनॉफचा घोळ वेगळाच. जन्म रशियात, तिथल्या जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेने २० मार्च १८७३. एकोणिसाव्या शतकात ती आणि आपली आजची ग्रेगोरियन या दोन दिनदर्शिकांतला फरक बारा दिवसांचा, म्हणून १ एप्रिल. विसाव्या शतकात तो तेरा झाला. तेरा मिळवणाऱ्यांनी २ एप्रिल केलं. शतकाप्रमाणे फरक बदलतो हे विसरलं की रशियन वाढदिवस एका दिवसाने सरकतात. रॅखमॅनिनॉफ पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातला, इथे कशाला, असं कुणी म्हणेल. अमेरिकन पॉप गायक एरिक कार्मेनने १९७५ मध्ये त्याच्याच दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोवरून ‘ऑल बाय मायसेल्फ’ची चाल घेतली, एवढा परवाना पुरे.

आणि रामनवमी? एकोणीस सौर वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास बसतात, म्हणून तिथी आणि तारीख साधारण तेवढ्या वर्षांनी पुन्हा जुळते. १९५५ नंतर तीन फेऱ्यांनी, २०१२ मध्ये, रामनवमी पुन्हा १ एप्रिलला आली. पुढे २०३१ मध्येही येईल. शुक्रवार मात्र नाही, मंगळवार.