विंगेतली मुलगी

1 ऑगस्ट, रात्री साडेदहा

आज भाचीच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची जयंती. एक गेले आणि दुसरे जन्मले ती तारीख एकच, सालही एकच, 1920. पण आठवीतल्या पोरांना विचारा, त्यांच्या लेखी आजचा दिवस म्हणजे शेंगांची टरफलं निदान दहा वेळा ऐकणं. म्हणून भाचीने अण्णा भाऊ निवडले. "त्यात टरफलं नाहीत ना, मावशी."

वाटेगावचा जन्म, दीड दिवसाची शाळा, मुंबईपर्यंतची पायपीट, इथवर आली आणि पुढचं सगळं गेलं. मग तिने खिशातून कागद काढला, उरलेलं वाचलं आणि जागेवर जाऊन बसली. कागद काढला की गुण कापतात. नंबर आला नाही. ताई फोनवर चिडलेली, "पंधरा दिवस घोकत होती!" मला मात्र संध्याकाळपासून तो कागदच दिसतोय. मी काढला नसता.

मीही आठवीतच होते. विषय टिळकच. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग' म्हटलं आणि जीभ टाळूला चिकटली. छाती इतकी धडधडत होती की पहिल्या बाकावर ऐकू जातंय असं वाटलं. कुणी हसलं नाही. सर "बस" म्हणाले, पुढचं नाव पुकारलं. बस्स, एवढंच झालं.

त्यानंतर दोन वर्षं मी गॅदरिंगला विंगेत. पडदा ओढायचा, सेफ्टी पिना पुरवायच्या, आणि नाटकाचं प्रॉम्प्टिंग. अख्खं नाटक पाठ, सहाही जणींचं. नववीत मुख्य काम करणारी मुलगी तापाने आडवी झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "हिला येतंय की सगळं." माझ्या पोटात तेवढ्यात कळ आली. खोटी नव्हती, खरंच आली. शेवटी दुसरीच कुणीतरी हातात वही घेऊन उभी राहिली आणि मी विंगेतून तिला वाक्यं पुरवली. प्रगतिपुस्तकावर शेरा होता, 'शांत व कामसू'. आई खूश. त्या शेऱ्याने मला अजून काही वर्षं विंगेत बसवलं.

या प्रकाराला सोशल अँक्झायटी म्हणतात हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी 1980 सालीच, म्हणजे माझ्या जन्माआधी, वेगळ्या नावाने का होईना, तो आपल्या यादीत घातला होता. बहुतेकांना सुरुवात तेरा-चौदाव्या वर्षाच्या आसपास होते, म्हणजे नेमकं शाळा माइकसमोर उभं करते त्याच सुमारास. समुपदेशक बाईंनी विचारलं होतं, "बोलताना तुम्ही कुणाकडे बघता?" मी सांगितलं, स्वतःकडे. म्हणजे समोर शंभर माणसं, आणि मी आतून माझे कान किती लाल झालेत ते बघतेय.

त्यावरून लेझीम आठवलं. 26 जानेवारीला खेळाच्या सरांनी सगळ्या वर्गालाच मैदानात उतरवलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. समोर अख्खं गाव, आणि मला काही म्हणजे काही झालं नाही. हलगीच्या ठेक्यावर कान, पुढच्या मुलीच्या पाठीवर डोळे, चुकलं तर लेझीम शेजारणीच्या हाताला लागणार. स्वतःकडे बघायला वेळच नव्हता. समुपदेशक बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला जमतं की." मला तेव्हा राग आला होता. साठ जणींत जमणं आणि एकटीला जमणं सारखं कसं? अजूनही थोडा येतो.

विंगेतल्या त्या दोन वर्षांना निव्वळ लपणं म्हणायलाही मन धजत नाही. विंगेतल्या अंधारात वाक्य विसरलेल्या मुलीचे डोळे माझ्याकडे वळायचे आणि मी बरोबर शब्द द्यायचे, ते सुख खरंच होतं. पण ती वळायची म्हणून. मी कधी कुणाकडे वळले नाही. भाची आज कागदाकडे वळली.

रात्री तिचा परत फोन. "मावशी, पुढच्या वर्षी कागद छोटा करणार. तळहातात मावेल एवढा." ताईला सांगू नकोस म्हणाली.

गणपती तोंडावर आलेत. सोसायटीच्या ग्रुपवर दुपारी विचारलंय, सांस्कृतिक कार्यक्रमाचं निवेदन या वर्षी मी करेन का. मेसेज मी वाचलाय हे विचारणाऱ्यांना एव्हाना दिसलं असणार. 'त्यापेक्षा मी प्रसादाचं बघते' असं टाइप करून ठेवलंय. पाठवलेलं नाही.