तुम्ही विचारलंत म्हणून: ९००० करू का?

"सर्व्हरच्या नेटवर्कला जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) लावू का?" हा प्रश्न इतक्यांदा आलाय की मी "नको" म्हटल्यावर येणारं वाक्यही पाठ झालंय: "तुमच्या स्टोरेजला तर एमटीयू ९००० आहे की!"

आहे. (एमटीयू म्हणजे एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो आकडा; नेहमीचा १५००.) तरी नकोच म्हणतो.

१५०० चे ९००० केले की तेवढ्याच डेटाला पॅकेट साधारण सहापटीनं कमी लागतात, आणि वायरवरचा कामाचा हिस्सा ९५ टक्क्यांवरून ९९ वर जातो. हे चार टक्के मी एके काळी फार ऐटीत सांगायचो. डेटाचे तुकडे पाडायचं काम आता नेटवर्क कार्डच करतं, त्यामुळे सीपीयूचा भार फारसा हलका होत नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं. सांगत नव्हतो.

मग त्या स्टोरेजवर जाणारा बॅकअप अडकायला लागला. रोज नाही, सगळे जॉबही नाहीत. कनेक्शन लागायचं, लॉगिन व्हायचं, आणि खरा डेटा निघाला की ठप्प. जॉब मारून परत चालवला की कधी कधी सुरळीत पूर्ण! मी पिंग (समोरून उत्तर येतं का ते बघणारं चाचणीचं पॅकेट) केला, तोही नीट: तुकडे करू नकोस असा फ्लॅग लावून, ८९७२ बाइटचा. (९००० मधून आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे, म्हणजे पिंगच्या प्रोटोकॉलचे, ८ वजा. ९००० च टाकून "जात नाही" म्हणणारे वेगळे.) दहापैकी दहा उत्तरं आली. मीटिंगमध्ये सांगून टाकलं, नेटवर्क स्वच्छ आहे, स्टोरेजवाल्यांनी त्यांचं बघावं. ते बिचारे तीन रात्री बघत बसले.

सर्व्हरच्या बॉन्डमध्ये (एकत्र बांधून एकच लिंक केलेल्या जोडीत) दोन वायरी, दोन स्विचकडे गेलेल्या. कुठलं कनेक्शन कुठल्या वायरीनं जाणार हे आयपी आणि पोर्ट नंबरच्या हॅशवर (त्या आकड्यांवरून काढलेल्या एका संख्येवर) ठरायचं. पिंगला पोर्ट नंबर नसतोच. म्हणजे त्या दोन मशीनमधला माझा पिंग दर वेळी एकाच वायरीनं जात होता, आणि ती नेमकी जुन्या, एमटीयू ९२१६ लावलेल्या (म्हणजे ९००० सहज जाऊ देणाऱ्या) स्विचकडची. बॅकअपचा सोर्स पोर्ट मात्र दर वेळी नवा. हॅश दुसरीकडे पडला की छोटी पॅकेट पार, मोठी गडप. राउटर निदान "पॅकेट मोठं आहे" असं उलट कळवू शकतो, स्विच मुकाट्यानं टाकून देतो. चौथ्या रात्री दुसऱ्या स्विचच्या, वायर लागते त्या पोर्टवरचा जायंट्सचा (मर्यादेपेक्षा मोठ्या पॅकेटचा) आकडा डोळ्यांसमोर चढताना दिसला.

तो दुसरा स्विच महिन्यापूर्वीच बदललेला. बदलला मीच. कॉन्फिगमध्ये एमटीयूची ओळ राहून गेली होती.

पिंग तर बरोबर केला होता ना, असं अजूनही मनात येतं. केला होता. पण त्यावरून एक वाट मोकळी आहे एवढंच कळत होतं, आणि मी अख्ख्या नेटवर्कची हमी देऊन बसलो.

मग ९००० काढत का नाही? काढायला डाउनटाइमची रात्र मागावी लागेल आणि कारण लेखी द्यावं लागेल, हे अर्धं उत्तर. रिस्टोर लवकर होतो असं वाटतं, हे उरलेलं. मोजलेलं नाही. परवा तिथे नवा सर्व्हर आला, त्यालाही ९००० च लावलं. एकेक लिंक मुद्दाम पाडून दोनदा पिंग केला, आणि पहिल्या रात्रीचा बॅकअप संपेपर्यंत झोपलो नाही.