मार्करची पट्टी होती, जनुक नव्हतं

भाताच्या कोणत्या ओळी तुडतुड्यांपुढे टिकतात ते पाहायची चाचणी होती. ट्रेवरची जाळी उचलली तर कडेच्या टीएन-१ च्या ओळी वाळून आडव्या झालेल्या. वाचन घ्यायची वेळ हीच. तपकिरी तुडतुड्यांना सहज बळी पडणाऱ्या या वाणाची ९० टक्के रोपं मेली, की त्याच दिवशी सगळ्या ओळी मोजायच्या. दिवसभर टाळलं तर मध्यम प्रतिकारक ओळीही जातात. मधली पीटीबी-३३, म्हणजे तुलनेसाठी लावलेला प्रतिकारक वाण, हिरवीगार, म्हणजे चाचणी नीट झाली होती.

"मॅडम, चौदावी पार बसली की," काचघर सांभाळणारे काका म्हणाले. शेजारची पंधरावी उभी, फक्त खालची पानं पिवळी. ० म्हणजे निरोगी ते ९ म्हणजे मेलेली, या मापात चौदावीला ९, पंधरावीला ३. आणि दोघी एकाच संकरातल्या सख्ख्या बहिणी! राथु हीनाती या श्रीलंकेच्या जुन्या भातातलं बीपीएच-३ हे तुडतुड्यांना प्रतिकार करणारं जनुक दोघींत असल्याचं मार्करची, म्हणजे जनुकाजवळच्या डीएनएतल्या खुणेची, पट्टी सांगत होती.

पहिला संशय ट्रेवरच. तुडतुडे उजेडाच्या बाजूला गोळा होतात, म्हणून ट्रे रोज फिरवावा लागतो. पिल्लं मोठी सोडली तर चांगली ओळही मरते. दुसऱ्या अवस्थेतली, रोपामागे सहा ते आठ, एवढीच हवीत. तुडतुडे खाणारा कोळी किंवा मिरिड ढेकूण शिरला तर उलटंच, कमकुवत ओळ वाचते. ओळींच्या जागा बदलून पुन्हा लावलं. चौदावी पुन्हा बसली.

मग तुडतुड्यांच्या चिकट स्रावाची चाचणी. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या रंगद्रव्यात बुडवून वाळवलेला गाळणकागद बुडख्याशी ठेवायचा, वर पेला पालथा घालून उपाशी माद्या चोवीस तास सोडायच्या. अन्नवाहिनीतला रस प्यायल्या की कागदावर निळे डाग उठतात. प्रतिकारक रोपावर त्यांना तो नीट ओढता येत नाही. जलवाहिनीतलं पाणी पिऊन राहतात आणि डाग पांढुरके पडतात. पंधरावीखाली निळे ठिपके तुरळक. चौदावीखाली टीएन-१ इतकेच मोठे निळे डाग.

उलगडा जनुकाच्या दुसऱ्या बाजूचा मार्कर लावल्यावर झाला. तिथे चौदावीत संवेदनशील पालकाची पट्टी होती. ओळी आमच्याकडे आल्या त्या एकाच बाजूच्या मार्करवर निवडून. तो जनुकापासून ५ सेंटिमॉर्गन (जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक) दूर असेल तर दर पिढीत सुमारे ५ टक्के रोपांत जनुक आणि मार्करची ताटातूट होते. चार प्रतीपसंकरांत, म्हणजे त्याच पालकाशी पुन्हा पुन्हा केलेल्या संकरांत, ही शक्यता १८ टक्क्यांच्या पुढे जाते. दोन्ही बाजूंना तितक्याच अंतरावर मार्कर असले तर एका पिढीत दोन्हीकडे तुटून चकवा बसण्याची शक्यता पाव टक्क्याच्या आसपास. खरं तर बीपीएच-३ म्हणजे लेक्टिन रिसेप्टर कायनेज या प्रथिनांची तीन जनुकं, आणि ती २०१५ मध्येच नेमकी ओळखून वेगळी (क्लोन) केली गेली. जनुकातलाच मार्कर वापरता येतो. तरी जुने, दूरचे मार्कर सवयीने चालू राहतात.

हे एवढं लावून धरण्याचं कारण आयआर-२६ हा भाताचा वाण. १९७३ साली तो बीपीएच-१ हे दुसरं प्रतिकारक जनुक घेऊन आला आणि दोन-तीन वर्षांतच फिलिपिन्स-इंडोनेशियात तुडतुड्यांनी तो पचवला. भारतातल्या तुडतुड्यांपुढे तर बीपीएच-१ चा उपयोगच नव्हता. म्हणून आता एका वाणात दोन-तीन जनुकं घालतात. त्यातलं एक नुसतं कागदावर असलं, तर शिल्लक एकट्यावर भार येतो आणि ते शिवारात लवकर मोडतं.

चौदावी बाद केली. पंधरावीची वाचलेली रोपं कुंडीत हलवली. डीएनएसाठी पानाचं टोक मात्र तुडतुडे सोडण्याआधीच कापून ठेवायचं. वाळून गेलेल्या रोपातून धड डीएनए निघत नाही, आणि तपासावी लागतात ती नेमकी मेलेलीच रोपं.