बॅगेचं तुम्ही विचारलंत म्हणून

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं, इशारा पातळी झाली, की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याची नणंद, शहरातल्या भाच्या, त्यांच्या मैत्रिणी. "काकू, तुम्ही प्रयाग चिखलीच्या, तुम्हाला पुराची सवय. बॅगेत काय काय भरून ठेवायचं?"

कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. औषधं, टॉर्च, चुरमुरे, शेंगदाणे घ्या. निघताना मेन स्विच बंद करा. प्यायचं पाणी आधी भरा. 2019 ला उपसा केंद्रंच बुडाली आणि चहूकडं पाणी असताना कोल्हापूर टँकरमागं धावत होतं. झालं. एवढंच असतं बॅगेत.

बॅगेनं माझं काही वाचलं नाही, हे मात्र मी फोनवर कधी बोलले नाही.

आमच्या सोप्यात 2005 च्या पुराची खूण आहे, जोत्याच्या दुसऱ्या पायरीला. 2019 च्या ऑगस्टात शेजारी जनावरं घेऊन उंचावरच्या सोनतळीला निघाले तेव्हा मामंजी म्हणाले, "पाणी त्या खुणेवर जात नाही." लोक म्हणतात, म्हाताऱ्यानं हट्ट केला. मीही तेच म्हटलं होतं. चार म्हशी, त्यातली एक गाभण, दिवस भरत आलेले. त्या पावसात तिला चालवायची कशी आणि तिथं वैरण कुठली? आजही मला हा प्रश्न खुळा वाटत नाही. पण शेजाऱ्यांपुढंही तोच प्रश्न होता आणि ते गेले.

पहाटे म्हशी रेकायला लागल्या. लाइट नव्हती. गोठ्यात कमरेएवढं पाणी. नायलॉनची दावी, सगळ्या निरगाठी, कारण सुरगाठ म्हैस ओढून सोडवते. जनावरं जिवाच्या आकांतानं ओढत होती, गाठी आवळून दगड झालेल्या. नखं उलटली. विळा वैरणीच्या खोलीत, ती खोली पाण्यात. शेवटी भाजीची सुरी आणली आणि कापत बसले. एका दाव्याला किती वेळ लागतो ते मला तेव्हा कळलं. तिघी सुटल्या. म्हैस पोहते, तिला सोडलं तर ती आपलं बघते. गाभण म्हैस आतल्या खुंट्याला होती. मी तिच्याकडं निघाले तोवर पाणी माझ्या गळ्याला लागलं आणि ह्यांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. तिनं नाक वर धरलं होतं. तेवढंच दिसत होतं.

दुपारी बोट आली. सुटलेल्यांतल्या दोघी चौथ्या दिवशी माळावर सापडल्या.

2021 ला आम्ही 40 फुटांनाच निघालो. पाणी तेव्हाही 55 च्या वर गेलं. घरात गाळ भरला, पण तो कसा काढायचा हे ठाऊक होतं: पाणी उतरत असतानाच खराट्यानं ढवळून त्याच पाण्याबरोबर बाहेर लोटायचा. वाळला की खरवडत महिना जातो. पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय त्यात उतरायचं नाही, लेप्टोच्या तापाची भीती असते. विहिरीचं पाणी उपसून ब्लीचिंग टाकल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. हे विचारा की मला. हे कुणी विचारत नाही.

मधे एका वर्षी मात्र आम्ही निघालो आणि पाणी 43 च्या धोका पातळीला न लागताच उतरलं. म्हशी दूध चोरायला, आखडून धरायला लागल्या, मामंजी आठवडाभर बोलले नाहीत. तेव्हा वाटलं, उगीच घाबरले. दुसऱ्या दिवशी वाटलं, नाही. अजून तसंच होतं.

आता विळा गोठ्याच्या चौकटीला, हात वर केला की लागेल असा टांगलाय. जूनपासून मी सगळ्यांना सुरगाठीच मारते. एक म्हैस दोनदा सुटून शेजाऱ्यांच्या उसात गेली, त्यावरून भांडण झालं. हे संध्याकाळी निरगाठ मारून येतात. ते झोपले की मी जाऊन ती सोडते.